दोष माणसाचा की रचनेचा? – संगणकाची वापरसुलभता आणि वापरणाऱ्याचे समाधान



दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की अभ्यासिकेतील संगणकापुढे रांग लागते. अशाच एका वर्षी पदवीच्या पहिल्या वर्गात गेलेला एक विद्यार्थी मोठ्या आनंदाने माझ्याकडे आला आणि म्हणाला, "जय भीम सर, माझा फॉर्म भरून झाला. काहीच अवघड नव्हतं." पडद्यावर हिरव्या अक्षरांत माहिती यशस्वीरीत्या सेव्ह झाल्याचा संदेश त्याने स्वतः वाचला होता. दोन-अडीच महिन्यांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात त्याला कळले की त्याचा अर्ज पोहोचलेलाच नाही. तोपर्यंत मुदत संपली होती. त्या वर्षाची फी त्याच्या आईने उसनवारी करून भरली.

मी त्याला विचारले, "तू कुठे अडला होतास?" तो म्हणाला, "अडलो कुठेच नाही सर. माझंच लक्ष नव्हतं."

नंतर आम्ही दोघांनी ते संकेतस्थळ पुन्हा उघडून पाहिले. शेवटची माहिती भरल्यावर 'सेव्ह'चे मोठे बटण होते आणि ते दाबताच हिरवा संदेश येत होता. अर्ज खरोखर पाठवण्याचे 'सबमिट' बटण मात्र दुसऱ्याच पानावर होते. त्या पानाकडे जाण्याची खूण वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होती. आता सांगा, लक्ष कोणाचे नव्हते? त्या मुलाचे, की ते पान तयार करणाऱ्याचे?

हा प्रश्न एका मुलापुरता नाही. बँक, रेशन, दाखले, प्रवेश, नोकरी यांची सर्व कामे आज पडद्यावर आली आहेत. पडदा समजला नाही तर हक्काची गोष्ट हातची जाते. म्हणून संगणक वापरायला सोपा आहे की नाही हे कसे तपासतात, आणि वापरणाऱ्याचे समाधान कसे मोजतात, याची ओळख करून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१) दोष माणसावर ढकलण्याची जुनी सवय

यंत्र चालवताना चूक झाली की ती चालवणाऱ्याची, असे पूर्वी सर्रास मानले जाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक उतरल्यानंतर पंखांचे फ्लॅप वर घेण्याऐवजी चुकून चाकेच वर घेत असत. अल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत बसून पाहिले, तेव्हा दोन्हींचे खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच असल्याचे त्याच्या लक्षात आले. उपाय साधा होता. चाकांच्या खटक्याला चाकासारखी मूठ बसवावी व फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळेल.

पुढे १९४७ साली पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदल्या गेलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास केला. अशा चुकांचे ठरावीक प्रकार पुन्हा पुन्हा घडतात आणि त्यांचे मूळ बहुतांशी यंत्राच्या मांडणीत असते, हे त्यातून पुढे आले. वेगवेगळी माणसे एकाच जागी चुकत असतील, तर ती जागाच तपासली पाहिजे, हा या शास्त्राचा पाया होय.

संगणकाच्या युगातही हीच गोष्ट घडली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात लुसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने लोक नवे छायाप्रत यंत्र कसे वापरतात याचे चित्रीकरण केले. एका चित्रफितीत दोन माणसे यंत्रापुढे गोंधळून उभी असलेली दिसतात. त्यांपैकी एक होते अ‍ॅलन न्यूवेल, ज्यांना १९७५ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. एवढा विद्वान जिथे अडतो, तिथे आपली एखादी मावशी अडली तर तिने "मी अडाणी, मला काय कळतंय" असे का म्हणावे?

२) वापरसुलभता म्हणजे काय?

'सोपे' हा शब्द मोघम आहे. एकाला सोपे ते दुसऱ्याला अवघड. म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९९८ साली ९२४१ क्रमांकाच्या मानकाच्या अकराव्या भागात वापरसुलभतेची व्याख्या केली. २०१८ साली ती सुधारण्यात आली. तिचा आशय असा की, ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम करताना पुढील तीन गोष्टी कितपत साधतात यावरून वापरसुलभता ठरते.

(अ) परिणामकारकता – काम पूर्ण व बिनचूक झाले का?
(आ) कार्यक्षमता – त्यासाठी वेळ व श्रम किती लागले?
(इ) समाधान – काम करताना व केल्यावर माणसाला कसे वाटले?

या व्याख्येत 'ठरावीक' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. शहरातील कार्यालयात मोठ्या पडद्यावर सोपा वाटणारा अर्ज खेड्यातल्या मुलीला लहान मोबाइलवर, अधूनमधून तुटणाऱ्या नेटवर, सोपा वाटेलच असे नाही. कोणाला, कुठे आणि कशासाठी, हे सांगितल्याशिवाय 'सोपे' या शब्दाला अर्थ नाही.

आता आपल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. त्याला वेळ कमी लागला, म्हणजे कार्यक्षमता चांगली. तो आनंदी होता, म्हणजे समाधान पुरेपूर. परंतु अर्ज गेलाच नाही, म्हणजे परिणामकारकता शून्य! तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या का मोजाव्या लागतात, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

३) चाचणी कशी घेतात?

वापरसुलभतेच्या चाचणीला मोठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. तिचा गाभा एकच : खऱ्या माणसाला खरे काम द्यायचे आणि तो ते करत असताना गप्प बसून पाहायचे. साधारण क्रम असा असतो.

पहिली पायरी – योग्य माणसे निवडणे. अर्ज विद्यार्थ्यांसाठी असेल तर विद्यार्थीच हवेत. ज्याने तो कार्यक्रम तयार केला त्याचे मित्र चालत नाहीत.

दुसरी पायरी – काम ठरवणे. "हे पान कसे वाटते ते सांगा" असे न म्हणता "शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा आणि झाला की सांगा" असे म्हणावे. पडद्यावरील शब्द सूचनेत वापरू नयेत. "सबमिट बटण दाबा" असे आपणच सांगितले तर चाचणी तिथेच संपली.

तिसरी पायरी – मोठ्याने विचार करायला सांगणे. आयबीएम कंपनीतील क्लेटन लुईस यांनी १९८२ साली ही पद्धत संगणकाच्या तपासणीसाठी मांडली. काम करताना मनात येईल ते माणसाने बोलत राहायचे : "आता इथे काय दाबू... हे झालं वाटतं... पण पुढचं पान कुठंय?" त्याची वाट कुठे चुकते, ते अशा बोलण्यातून उघड होते.

चौथी पायरी – मदत न करणे. ही सर्वांत कठीण पायरी होय. समोरचा माणूस धडपडत असताना आपली जीभ वळवळते. पण आपण बोट दाखवले की दोष झाकला जातो.

पाचवी पायरी – नोंद करणे. काम पूर्ण झाले का, किती वेळ लागला, कुठे थांबला, कुठे मागे फिरला, काय बोलला. 'काम झाले' असे तो म्हणाला तेव्हा ते खरेच झाले होते का, हे स्वतंत्रपणे तपासावे.

या सर्वांच्या आधी एक वाक्य सांगणे आवश्यक आहे : "परीक्षा तुमची नाही, या यंत्राची आहे. तुम्ही अडलात तर आम्हाला उपयोगच होईल." शिवाय त्याची संमती घ्यावी, त्याला केव्हाही उठून जाण्याची मोकळीक असावी आणि त्याचे नाव कुठेही जाहीर करू नये.

४) माणसे किती हवीत?

याबाबत एक आकडा फार प्रसिद्ध आहे – पाच. १९९३ साली जेकब नील्सन व थॉमस लँडॉअर यांनी अनेक चाचण्यांची माहिती तपासून एक गणित मांडले. त्यांच्या सरासरीनुसार एका माणसाच्या चाचणीत सुमारे ३१ टक्के दोष सापडतात. दुसऱ्या माणसाच्या चाचणीत त्यांतले काही पुन्हा दिसतात, काही नवे निघतात. असे करत पाचव्या माणसापर्यंत सुमारे ८५ टक्के दोष हाती येतात. त्यानंतर बहुतेक तेच ते दोष पुन्हा दिसतात. म्हणून एकदम पंधरा माणसे बसवण्यापेक्षा पाच बसवावीत, दोष दुरुस्त करावेत आणि मग पुन्हा नवी पाच बसवावीत, असा सल्ला नील्सन देतात.

मात्र हा आकडा वेदवाक्य मानू नये. लॉरा फॉकनर यांनी २००३ साली ६० जणांची चाचणी घेऊन त्यांतून पाच-पाच जणांचे गट पाडून पाहिले. सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपासच आली, पण एखाद्या गटाला जवळजवळ सर्व दोष सापडले तर एखाद्याला केवळ ५५ टक्के. तात्पर्य, पाच ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. त्यातही पाचही जण एकाच वयाचे व एकाच शिक्षणाचे असतील तर बाकीच्यांच्या अडचणी अंधारातच राहतात.

५) समाधान कसे मोजतात?

समाधान ही मनातली गोष्ट. ती मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे. तिचे नाव सिस्टिम युजेबिलिटी स्केल, थोडक्यात सस. १९८६ साली इंग्लंडमध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करताना जॉन ब्रुक यांनी ती तयार केली.

तिच्यात दहा विधाने असतात. विषम क्रमांकाची विधाने अनुकूल असतात, समक्रमांकाची प्रतिकूल. प्रत्येकापुढे १ ते ५ गुण : १ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे पूर्ण पटते. हिशेब असा – विषम विधानांच्या गुणांतून १ वजा करावा. सम विधानांचे गुण ५ मधून वजा करावेत. सर्वांची बेरीज करून तिला २.५ ने गुणावे. उत्तर ० ते १०० च्या दरम्यान येते.

समजा एका विद्यार्थिनीने विषम विधानांना ४, ४, ३, ४, ४ असे गुण दिले. प्रत्येकी एक वजा जाता ३, ३, २, ३, ३, बेरीज १४. सम विधानांना तिने २, २, ३, २, १ दिले. पाचातून वजा करता ३, ३, २, ३, ४, बेरीज १५. एकूण २९. त्याला २.५ ने गुणले की ७२.५. हे टक्के नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. अनेक अभ्यासांत मिळून या मापाची सरासरी ६८ च्या आसपास आढळली आहे. म्हणजे ७२.५ हे सरासरीपेक्षा थोडे बरे.

६) 'छान आहे' या उत्तराचा धोका

पण माणूस विचारल्यावर खरे सांगतो का? बंगळूर येथे निकोला डेल, इंद्राणी मेढी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५० मुलाखती घेऊन हे तपासले. त्यांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. लोकांना दोन सारख्याच गोष्टी दाखवल्या आणि त्यांपैकी एक मुलाखत घेणाऱ्याने तयार केल्याचा त्यांचा समज करून दिला. तेवढ्यानेच ती गोष्ट पसंत पडण्याची शक्यता सुमारे अडीच पट झाली. विचारणारा परदेशी असून सोबत दुभाषी असला तर पाच पट. इतकेच नव्हे, तर मुलाखत घेणाऱ्याची वस्तू मुद्दाम निकृष्ट केली तरी लोक तिलाच चांगली म्हणाले!

यात लोकांचा खोटेपणा नाही. समोर शिकलेला, साहेबी थाटाचा माणूस असला की त्याचे मन मोडू नये असे आपल्याला वाटते. शिवाय आपल्याला जमले नाही हे कबूल करण्याची लाज असते ती वेगळीच. ज्यांना पिढ्यान्पिढ्या 'तुम्हाला काय कळते' असे ऐकवले गेले, ती माणसे तक्रार करण्याआधी स्वतःलाच दोष देतात. म्हणून आधी काम पाहावे, मग मत विचारावे, आणि ते विचारणारा त्या वस्तूचा निर्माता नसावा.

७) एका मतपत्रिकेची कहाणी

चाचणी न घेतल्याचे परिणाम किती दूरवर जातात याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. ते संगणकाच्या पडद्याचे नसून कागदी मतपत्रिकेचे आहे, पण धडा तोच. ७ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच काउंटीत उमेदवार पुष्कळ होते. वृद्ध मतदारांना नावे नीट वाचता यावीत म्हणून अक्षरे मोठी घेतली गेली. त्यामुळे नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली गेली आणि भोक पाडण्याच्या जागा मधोमध एका ओळीत आल्या. फुलपाखराच्या पंखांसारख्या या मांडणीला 'बटरफ्लाय बॅलट' हे नाव पडले.

डाव्या पानावर पहिले नाव जॉर्ज बुश यांचे व दुसरे अल गोर यांचे होते. पण मधल्या ओळीतील दुसरे भोक उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे होते. गोर यांचे भोक तिसरे! ब्युकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०० हून अधिक मते पडली. एकाहून अधिक भोके पाडल्याने १९,००० हून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. टपालाने मत देणाऱ्यांची मतपत्रिका वेगळ्या मांडणीची होती. तिच्यावर ब्युकॅनन यांच्या मतांचे प्रमाण कितीतरी कमी होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या राज्यशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार गोर यांना द्यायची दोन हजारांहून अधिक मते चुकून ब्युकॅनन यांना गेली. फ्लोरिडाचा अंतिम निकाल ५३७ मतांच्या फरकाने बुश यांच्या बाजूने लागला आणि त्याबरोबर अध्यक्षपदही.

मांडणीमागचा हेतू वाईट नव्हता, उलट वृद्धांच्या सोयीचाच होता. मतपत्रिकेचा नमुना निवडणुकीपूर्वी मतदारांना पाठवलाही होता. परंतु नमुना नजरेखालून घालणे वेगळे आणि त्यावर प्रत्यक्ष मत देऊन पाहणे वेगळे. काही वृद्ध मतदारांना वापरून पाहायला दिला असता, तर गोंधळ आधीच दिसला असता. मतदानगृहातून पुष्कळ जण समाधानाने बाहेर पडले असतील. आपल्या विद्यार्थ्यासारखेच.

याउलट आपल्याकडे पहा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारांचा विचार करून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी व तिच्यावर त्याचे चिन्ह ठेवले होते. मतदान यंत्र प्रथम १९८२ साली केरळमधील परवूर येथे वापरले गेले आणि २००४ साली लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत आले. त्यावर नावे एकाखाली एक, चिन्हासमोर त्याचेच बटण, दाबताच दिवा आणि आवाज. दुसरे बटण दाबले तरी दुसरे मत नोंदले जात नाही. पुढे चिठ्ठीचे यंत्र जोडले गेले, ज्यात आपले मत सात सेकंद डोळ्यांनी पाहता येते. यंत्राविषयीचे इतर वाद बाजूला ठेवले, तरी 'तुमचे काम झाले, आणि ते असे झाले' हे माणसाला स्पष्ट सांगणे म्हणजे काय, याचा हा नमुना होय. शिष्यवृत्तीच्या त्या पानाला एवढेच जमले नव्हते.

८) आपण काय करू शकतो?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक जण संगणकाचे शिक्षण घेत आहात. उद्या बँकांचे, शासनाचे, रुग्णालयांचे पडदे तुम्हीच तयार कराल. तेव्हा आपले काम आपल्यासारख्याच माणसाला दाखवून थांबू नका. आपल्या आजीसमोर ठेवा, पहिल्यांदाच फॉर्म भरणाऱ्या मुलीसमोर ठेवा, आणि गप्प बसून पाहा.

सभासदांना एक सूचना करावीशी वाटते. अर्जांच्या दिवसांत आपले कार्यकर्ते पटापट दुसऱ्याचा फॉर्म भरून देतात. ही सेवा मोलाची आहेच, पण तिने दोष जागचा हलत नाही. त्याऐवजी सुरुवातीच्या पाच विद्यार्थ्यांना स्वतः फॉर्म भरू द्यावा आणि ते कुठे अडतात याची वहीत नोंद करावी. जिथे तिघे-चौघे अडले, त्या जागेची सूचना मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावी. तीच नोंद तारीखवार लिहून संबंधित खात्याकडे पाठवावी. "फॉर्म अवघड आहे" या तक्रारीकडे कोणी लक्ष देत नाही. पण "पाचपैकी चौघांनी 'सेव्ह' दाबून काम संपले असे मानले" हा पुरावा होतो, आणि पुराव्याला उत्तर द्यावे लागते.

तो विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा आला. फॉर्म भरला, सबमिट केला, अर्जाचा क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि शेजारी बसलेल्या नव्या मुलीला म्हणाला, "ताई, हिरवं आलं म्हणजे झालं असं समजू नको." त्याने जी ठेच खाल्ली ती दुसऱ्याने खाऊ नये, एवढी त्याची धडपड होती. मात्र ही गोष्ट त्याने प्रत्येक नव्या मुलाला सांगत बसावे लागू नये, ती त्या पडद्यानेच सांगावी, यासाठी हे शास्त्र आहे.

तेव्हा यापुढे यंत्रासमोर अडलात तर "मला येत नाही" असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. इतर चौघे कुठे अडले ते विचारा. सगळे एकाच जागी अडले असतील, तर मान खाली घालण्याचे कारण तुम्हाला नाही.